तोंड वर्गाकडे

“नवे सर फळ्याशीच बोलतात, काका,” मुलगी म्हणाली. “मी नाव काढून घेतेय.”

ती माझ्या बायकोची विद्यार्थिनी. लहानपणापासून ऐकू येत नाही, ओठ बघून बोलणं समजून घेते. बायको विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायची. बायको वारली आणि तिचे तास नव्या सरांकडे आले.

माझेही कान गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात गेले. समोर बघून बोललं तरच कळतं. म्हणून घरात बायको आधी समोर यायची, मग बोलायची. रागवायचं असलं तरी समोर येऊनच. वर्गातही तेच. फळ्यावर लिहिताना गप्प, खडू ठेवून वळली की मग बोलणं. मुलं तिला कुलूपबाई म्हणायची. घरी येऊन तीच मला हसत सांगायची.

“एकदा विचारून तर बघू,” मी म्हणालो. “मी येतो बरोबर.”

विभागप्रमुख बाईंनी खुर्ची दिली. “अहो, तुमच्या पत्नीच्या पद्धतीनं अभ्यासक्रम संपत नाही. दोन प्रकरणं कमी करा म्हणून त्या किती भांडल्या! अभ्यासमंडळानं अजून काही ठरवलेलं नाही.”

“मंडळ ठरवेपर्यंत हिनं घरी बसायचं का?”

नवे सर शेजारीच बसले होते. पोरसवदाच. म्हणाले, “मला कोणी सांगितलंच नाही.”

“सांगितलं होतं, सर,” मुलगी म्हणाली. “तुम्ही लिहीत होतात.”

सरांचा चेहरा उतरला. “मी जरा मोठ्यानं बोलू का?”

“मोठ्यानं बोलून काय होणार, सर? मला दिसायला पाहिजे.”

बाईंनी तिचा नाव काढण्याचा अर्ज पुढे न सरकवता हाताखाली ठेवला. सर म्हणाले, “उद्या तासाला बस. मग ठरव.”

दुसऱ्या दिवशी मी विचारून मागच्या बाकावर बसलो. सरांनी लिहायला घेतलं आणि सवयीनं बोलू लागले. मुलीनं हात वर केला, पण पाठमोऱ्या माणसाला तो दिसणार कसा? शेजारच्या मुलीनं बाक वाजवला. सर थांबले. चारदोन पोरं हसली. सरांनी खडू खिशात टाकला, वळले आणि पहिल्यापासून सांगितलं. विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण सर काय म्हणाले ते सगळं कळलं. मुलगी लिहून घेत होती, ती मान वर करेपर्यंत ते थांबले.

पुढे पुन्हा विसरले. पुन्हा बाक वाजला.

तास संपल्यावर ती माझ्याकडे आली. “अर्ज परत घेते, काका. आणि उद्यापासून तुम्ही नका येऊ. सरांना आम्ही बघून घेऊ.”

“बरं,” मी म्हणालो.

वर्ग रिकामा झाला तरी मी बसून राहिलो. शिपाई आला आणि फळा पुसू लागला. त्याची पाठ माझ्याकडे होती. मान हलत होती, त्यावरून तो मला काहीतरी विचारतोय एवढंच कळलं.

मी “हो” म्हणालो.