रोझारिओ अंकलची रुंद चाकं

गाडी चालवणारी माणसं मी ढिगानं पाहिली आहेत. दहिसर चेकनाक्याजवळ गॅरेज टाकल्यावर दुसरं बघायला मिळतं काय! पण गाडी कळणारा माणूस कोण असं विचाराल, तर मी मनोरीच्या रोझारिओ अंकलचं नाव घेईन, आणि कोणी वाद घातला तर भांडायलाही उभा राहीन. तसा मी एरवीही भांडायला उभाच असतो, पण ह्या बाबतीत जरा जास्त.

अंकल तरुणपणी होडीवर होते. पुढे दर्या सोडून त्यांनी जीप घेतली. मनोरी-गोराईच्या बायकांच्या भाजीच्या आणि सुक्या मासळीच्या पाट्या पहाटे भरायच्या आणि बायकांसकट उत्तनवरून भाईंदरला पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. रस्ता असा, की माणसाची हाडं खिळखिळी व्हावीत. तरी बायका म्हणायच्या, अंकलच्या जीपमध्ये अंड्यांची पाटी ठेवून झोपावं. गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. ब्रेकला ते इतकं जपून हात, म्हणजे पाय लावायचे, की त्यांच्यासारखी गिऱ्हाइकं वाढली असती तर माझ्या गॅरेजला कुलूप लागलं असतं.

शहाऐंशी साली त्यांनी जीपला रुंद चाकं बसवली. पाट्या चढवायची जागा सगळी वाळूची, आणि जुने अरुंद टायर तिथे रुतायचे. कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून त्यांनी मोठ्या रिम आणल्या, गंज घासून काढला, रंगवल्या आणि स्वतःच बसवल्या. जीप वाळूत रुतायची थांबली, पण स्टीअरिंग थरथरायला लागलं.

ते जीप घेऊन माझ्याकडे आले तेव्हा शेजारी त्यांचा मुलगा गिल्बर्ट होता. अंधेरीला विमा कंपनीत नोकरी, बोलणं मऊ, भांग सरळ. सुटीच्या दिवशी तोही जीप चालवायचा. खाली उतरल्या उतरल्या मला म्हणाला, "सहदेवभाऊ, स्पष्टच सांगतो. जीपला काय झालेलं नाही. पप्पांचे हात थरथरतात. शर्टाची बटणं लावायला किती वेळ लागतो ते मी रोज बघतो ना."

बापाच्या तोंडावर असं बोलतात? माझं डोकंच फिरलं. पण अंकल शांत होते.

"आमचं ठरलंय," ते म्हणाले. "जीपमध्ये खोट निघाली तर मी चालवणार. नाय निघाली तर चावी ह्याची. सांगायचं तू."

"मला कशाला मध्ये घेता, अंकल?"

"तुला खोटं बोलता येत नाय म्हणून."

आता आली का पंचाईत! एवढ्या वर्षांचं त्यांचं चालवणं माझ्या एका शब्दावर येऊन थांबलं. मी मनातल्या मनात आमच्या गावच्या देवीला हाक मारली, की बाई गं, कायतरी खोट निघू दे.

आधी गिल्बर्टनं जीप नाक्यावरून दहिसर नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणली. काही नाही. मग मी बाजाररस्त्याला एक फेरी मारली. स्टीअरिंग अगदी गुमान. गिल्बर्ट सरळ भांगावरून हात फिरवत होता, तेही मला सोसवेना.

"मयताच्या मागे चालवतोस काय रे?" अंकल कडाडले. "हायवेला घे."

काशिमिऱ्याच्या दिशेनं जीप हायवेला लावली. अंकल माझ्या शेजारी, गिल्बर्ट मागे. पन्नासपर्यंत सगळं ठीक. साठला काटा गेला आणि स्टीअरिंग असं काही हलायला लागलं की माझी मनगटं बधिर झाली.

"सोडू नको, दाब," अंकल म्हणाले. "पंचाहत्तरला थांबेल."

आणि थांबलं! परत साठवर आणलं, परत सुरू. "आणि बघ, हातात येतं, बुडाखाली येत नाय. म्हणजे पुढची चाकं, मागची नाय." माणूस बाजूच्या सीटवर हातावर हात ठेवून बसला होता आणि जीपच्या पोटातलं सांगत होता. गिल्बर्ट चाळिसाच्या पुढे कधी जायचाच नाही, त्याला हे कळणार कुठून? मी तिथेच अंकलच्या पाया पडलो असतो, पण हातात स्टीअरिंग होतं.

"काय रे, कोणाचे हात थरथरतात आता?" मी मागे वळून ओरडलो.

"मान्य," गिल्बर्ट म्हणाला. "पण खोट सापडू दे, दुरुस्त होऊ दे. मग पप्पा चालवतील आणि मी बघेन."

बोलणं रास्त होतं, म्हणून तर मला जास्त राग आला.

गॅरेजला येऊन पुढची दोन्ही चाकं काढली आणि शेजारच्या काशीरामकडे बॅलन्सिंगला नेली. त्यानं नवीनच मशीन घेतलं होतं. मशीननं दोन्ही चाकं उत्तम असल्याचं सांगितलं. स्टीअरिंगचे सांधे मी हलवून पाहिले, ते घट्ट. मग मी जुनी युक्ती काढली. चाक परत बसवलं, जॅकवर उचलून हातानं फिरवलं, आणि खडू एका जागी धरून रिमच्या कडेला हळूच टेकवला. चाक सरळ फिरत असेल तर खडूची रेघ सगळीकडे उमटते. इथे एकाच बाजूला उमटली. म्हणजे चाक डोलत होतं.

"रिम वाकडी," गिल्बर्ट म्हणाला.

"थांब," अंकल म्हणाले. "सहदेव, चाक काढ आणि एक भोक पुढे सरकवून परत लाव. रिम वाकडी असेल तर रेघ रिमच्या त्याच जागी येईल."

तसं केलं. रेघ भलत्याच ठिकाणी आली. रिम वाकडी नव्हती, आणि ज्यावर चाक बसतं तो ड्रमही वाकडा नव्हता, नाहीतर रेघ ड्रमच्या जुन्या जागेसमोरच आली असती. मग उरलं काय? मी चाक पुन्हा उतरवून पालथं घातलं.

रंग काय सुरेख लावला होता! निळाशार, काचेसारखा गुळगुळीत, मागेपुढे, खाचाखोचांत, नट बसतात त्या भोकांच्या आतसुद्धा. असा रंग मुंबईतल्या कुठल्या पेंटरनं दिला असता? मी तसं म्हणालोही. रिमचा मागचा भाग, जो ड्रमला चिकटून बसतो, त्यावरून अंकल मात्र अंगठा फिरवत होते. तिथे रंग एकीकडे दबून पातळ झाला होता आणि दुसरीकडे उंचवटा तसाच होता.

"माझं काम हे," ते म्हणाले. "मी होडी रंगवली."

आमच्या दोघांच्या लक्षात येईना. मग त्यांनी समजावलं. नारळी पुनवेआधी होडी रंगवतात तेव्हा लाकडाचा, खिळ्याच्या लोखंडाचा एक कण उघडा ठेवायचा नसतो, उघडा दिसला की दर्या खातो. एक थर वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. लहानपणापासून बापानं हेच शिकवलेलं. रिमलाही त्यांनी तसंच जाड रंगानं मढवलं. पण चाकाला लोखंडावर लोखंड बसावं लागतं. मधला रंग नट आवळताना कुठेही दबायचा, म्हणून ते दर वेळी वेगळ्याच बाजूला तिरपं बसायचं. काशीरामच्या मशीननं चाक मधल्या भोकात पकडलेलं, त्याला हे दिसायचं कारणच नव्हतं.

दुसरा कोणी असता तर कुर्ल्याच्या दुकानदाराला शिव्या घालून मोकळा झाला असता. अंकलनं मुलाकडे बघून सांगितलं, "चूक माझी हाय, गिल्बर्ट." आणि पटाशी मागितली. मला हात लावू दिला नाही. रॉकेलचा बोळा फिरवत, स्वतः दिलेला तो देखणा रंग जिथे नको होता तिथून त्यांनी खरवडून काढला, पार लोखंड चमकेपर्यंत. चारही चाकांचा. मग नट समोरासमोरचे आवळत आम्ही चाकं चढवली.

ह्या वेळी अंकल चालवायला बसले. मी शेजारी, गिल्बर्ट मागे. पन्नास. साठ. माझी नजर स्टीअरिंगवर. स्टीअरिंग हललं नाही. सत्तर झाले तरी नाही. मला इतका आनंद झाला की मी शिटीच मारली. गिल्बर्ट पुढे वाकून म्हणाला, "पप्पा, सॉरी."

थोडं पुढे जाऊन अंकलनं जीप रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"सहदेव, स्टीअरिंगवर हात ठेव." मी ठेवला. "आता माझ्या मनगटावर ठेव. ह्या."

मी त्यांचं डावं मनगट धरलं, आणि मला वाटलं, उगाच धरलं.

"दमलात तुम्ही, अंकल," मी म्हणालो. "केवढा रंग खरवडलात!"

"खरवडला उजव्यानं. हा डावा हाय." खडूची रेघ बघताना जसे बोलले होते तसेच ते बोलत होते. "स्टीअरिंग हलत होतं तवर मला माझं कळत नव्हतं. आता ते गप्प झालं, आता कळलं. जीप पण खराब होती आणि मी पण."

गिल्बर्टचा चेहरा पडला. "पप्पा, आपलं ठरलंय. खोट निघाली, तुम्हीच चालवा."

"जीपची निघाली, ती काढली. ही निघायची नाय. मागे बायका बसतात रे, लेकुरवाळ्या." ते खाली उतरले आणि त्यांनी चावी मुलाच्या तळहातावर ठेवली. "पहाटे पाट्या पोचवायच्या, मग भाईंदरवरून हापिसला जायचं. बस."

मी मागे गेलो. मला कोणाशी तरी भांडावंसं वाटत होतं आणि भांडायला कोणी नव्हतं. असा माणूस मी पाहिला नाही, स्वतःच्या विरुद्ध निकाल देणारा, तोही जिंकल्यावर.

गिल्बर्टनं जीप सुरू केली. तीस, चाळीस. तिथेच अडकला.

"दाब," अंकल म्हणाले. "चाळिसात गाडी काय बोलत नाय."

पन्नास झाले. मग साठ. गिल्बर्टनं स्टीअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

"सैल धर. काय लागतं हाताला?"

"काही नाही, पप्पा," गिल्बर्ट म्हणाला.

"मग बरोबर चाललंय," अंकल म्हणाले. "डोळे पूस आणि रस्ता बघ."