स्फुरद की स्फुरण

आमच्या रेणूला मराठी बोलता येतं, पण वाचायचं म्हटलं की गाडी अडते. हैदराबादेत जन्मली, इंग्रजी शाळेत शिकली, त्यात नवल ते काय? समुद्रात तयार होणाऱ्या फॉस्फेटच्या दगडांवर तिनं पीएचडी केली, म्हणून सुलतान बाजारातल्या आमच्या मराठी मंडळानं तिचं भाषण ठेवलं. मराठीतच हवं, असा अध्यक्ष हिम्मतरावांचा हट्ट. त्यांचं अफझलगंजला खताचं दुकान आहे.

"आई, लोक हसले ना, तर घराबाहेर परत कधी मराठी बोलणार नाही मी," असं ती मला आधीच बजावून बसली होती.

आमच्या ह्यांनी चांगलं भारदस्त भाषण लिहून दिलं. पोरगी पहिल्याच ओळीला घसरली. लिहिलं होतं 'स्फुरद', म्हणजे फॉस्फरस; हिनं वाचलं, "समुद्राच्या तळाशी स्फुरण साचतं." सगळे खो खो हसले. हिम्मतराव तर म्हणाले, "मलाही चढलं बघा स्फुरण."

माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले. "हसून झालं असेल तर पोरीला बोलू द्या," म्हटलं, "शिकलंय का तुमच्यापैकी कुणी एवढं?"

रेणूनं कागद बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं, आता ही इंग्रजीवर जाणार. पण तिनं पिशवीतून एक काळा दगड काढला. "हे मसुरीच्या डोंगरातलं फत्तर. समुद्रात बनलेलं."

"मसुरीला कुठला आलाय समुद्र?" हिम्मतरावांनी विचारलं.

"होता, काका. हिमालय उठायच्या लई आधी. खोलातलं पाणी वर आलं की बारीक जीव भरमसाट वाढतात. मग मरतात, तळाच्या चिखलात सडतात. त्यातून स्फुरद सुटतो अन् चिखलातच कॅल्शियमला धरून दाणे बनतात. लाटा चिखल धुऊन नेतात, जड दाणे मागं राहतात. तुमच्या पोत्यातलं खत असल्याच दगडाचं."

"पण समुद्रच कशावरून?"

"समुद्राच्या पाण्यात सेरियम नावाचा धातू त्याच्या भावंडांपेक्षा, म्हणजे त्याच्याच जातीच्या बाकी धातूंपेक्षा, कमी असतो. ह्या दगडातपण नेमका तोच कमी निघाला. फत्तर झूट नाही बोलत, काका."

आता कुणी हसलं नाही. प्रश्नावर प्रश्न आले, तिनं एकेकाला मराठीतच उत्तर दिलं. अभिमानानं माझा ऊर भरून आला. शेजारच्या रंजनाला मी उगाचच दोनदा सांगितलं की माझी लेक आहे ही.

शेवटी हिम्मतराव आभार मानायला उठले. तिच्या सोयीसाठी की स्वतःच्या रुबाबासाठी, देव जाणे, इंग्रजीतच सुरू झाले, "थँक यू, मॅडम, इट वॉज..."

"काका, मराठीत बोला की," रेणू माइकवरूनच म्हणाली. "मला येते."