दोन पानं, एकोणीस सेकंद

मित्रांनो, माझं वय विचारू नका, रंगावरून ओळखा. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलो आहे. मी लहान मुलांच्या एका मोठ्या रुग्णालयातला जुना फॅक्स आहे.

तुमच्यापैकी अनेकांनी फॅक्स पाहिलाही नसेल. माझ्या तोंडात इकडे कागद घातला की दूरच्या दुसऱ्या फॅक्समधून त्याची नक्कल निघते. पथ्य एकच : कागद घालताना अक्षरांचं तोंड खाली हवं. मला वाचता येत नाही. काळं कुठे आणि पांढरं कुठे, एवढंच कळतं. पुष्कळ मोठ्या माणसांनाही तेवढंच कळतं, पण त्यांना खुर्ची मिळते. मला टेबल मिळालं.

कारखान्यात तीन वेळा तपासून मला खोक्यात भरलं होतं. इथे खोकं उघडलं तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः बघायला आले. "वा! आता पत्र पोचायला चार दिवस नकोत," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून पुरते आहे, कारण नंतर कुणी मारली नाही.

लहानसहान दवाखान्यांतले डॉक्टर अवघड दुखण्याची मुलं आमच्याकडे पाठवतात. मूल घरी निघालं की त्याला काय झालं होतं, पुढे काय द्यायचं आणि मुख्य म्हणजे काय द्यायचं नाही, हे त्या डॉक्टरांना कळवावं लागतं. कारण पुन्हा ताप आला तर घरची माणसं आधी तिकडेच धावणार.

हे कळवायचं काम आमच्या कचेरीतल्या ताईंचं. पत्र गेलं की मी एक चिठ्ठी काढतो. तीत पानं किती, सेकंद किती आणि शेवटी 'ओके' असतं. माझ्या 'ओके'वर ताईंचा काडीचा विश्वास नव्हता. त्या लगेच फोन लावून म्हणायच्या, "आलं ना? मग शेवटची ओळ वाचून दाखवा." भले भले डॉक्टर कुरकुरत वाचायचे. पाठीमागे त्यांना 'परीक्षावाल्या बाई' म्हणायचे. मलाही राग यायचा. इतकी वर्षं इमानेइतबारे 'ओके' म्हणतोय, त्याची ही किंमत!

पुढे संगणक आले. मी कोपऱ्यात गेलो आणि माझ्या डोक्यावर फायलींचा गठ्ठा आला. काही दवाखाने अजून फॅक्सवरच होते, म्हणून भंगारवाल्यापासून वाचलो.

मग नवे साहेब आले. वेळ वाचवणे हा त्यांचा छंद होता आणि त्यासाठी ते रोज दोन तास बैठक घेत. त्यांनी हुकूम काढला : चिठ्ठीवर 'ओके' आलं की काम संपलं, फोन बंद. खोटं कशाला बोलू? मी मनातून सुखावलो.

त्या सकाळी वॉर्डातल्या सिस्टर धावत आल्या. "ताई, ती चार वर्षांची किडनीची पोर काल घरी गेली ना? तिला आज अकराला तिकडच्या डॉक्टरांना दाखवायचंय. पत्राला उशीर झालाय, आधी हे पाठवा."

ताई शेजारच्या खोलीत फायली काढत होत्या. साहेब म्हणाले, "आणा इकडे, मी पाठवतो. दोन मिनिटांचं काम."

मित्रांनो, त्यांनी दोन्ही पानं माझ्या तोंडात घातली, अक्षरांचं तोंड वर करून.

मला सगळं पांढरं दिसलं. पहिलं पान पांढरं, दुसरंही पांढरं. ओरडावंसं वाटलं, पण मला ओरडण्याची सोय नाही. शिस्तीत दोन कोरी पानं पाठवली आणि शिस्तीत चिठ्ठी काढली : 'ओके'. साहेबांनी मूळ पत्र फायलीत लावलं. भिंतीवरच्या घड्याळात अकराला सहा मिनिटं कमी होती.

ताई दारात आल्या आणि थबकल्या. "हा कण्हला कसा नाही?"

"कोण?"

"फॅक्स. भरलेलं पान ओढताना म्हाताऱ्यासारखा कण्हतो तो. बघू चिठ्ठी." त्यांनी चष्मा वर केला. "दोन पानांना एकोणीस सेकंद? साहेब, याला भरल्या पानाला पाऊण मिनिट लागतं. एवढा चपळ कधीपासून झाला हा?"

"ताई, ओके आलंय. फोन करायचा नाही असं ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय," ताई म्हणाल्या आणि त्यांनी नंबर फिरवला.

लागला नाही. पुन्हा फिरवला. साहेब घड्याळाकडे बघत नसल्यासारखं बघत होते. अकरा वाजले. अकरा वाजून चार मिनिटांनी तिकडच्या कंपाउंडरने फोन उचलला. ताईंनी स्पीकर लावला.

"पत्र? पत्र नाही बुवा. दोन कोरे कागद निघाले. चांगले होते, परत ट्रेमध्ये ठेवले. वाया कशाला घालवा?"

"ती किडनीची मुलगी आली का?"

"आलीय की, आत्याबरोबर. ताप आहे. डॉक्टरांनी ते गुलाबी औषध लिहून दिलंय, मी बाटलीच हलवतोय."

"दिलंत का तिला?"

"चमच्यात ओततोय..."

"बाटली खाली ठेवा! आधी बाटली, मग बोला! डॉक्टरांना द्या फोन!"

तिकडे काच टेबलावर टेकल्याचा आवाज आला. साहेबांनी न सांगता फायलीतून पत्र काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा माझ्या तोंडात घातलं. या वेळी अक्षरं खाली होती. मी कण्हलो. आयुष्यात इतका मन लावून कधी कण्हलो नव्हतो.

"आलं," डॉक्टर म्हणाले.

"शेवटची ओळ वाचून दाखवा."

"अहो बाई, मी काय शाळेत..." ते वाचू लागले. "'ताप आल्यास नेहमीचं गुलाबी औषध मुळीच देऊ नये. त्याने किडनी पुन्हा...'" मग एक बारीक आवाज आला, "आत्या, मला चमचा नको."

"नको हं बाळा," डॉक्टर म्हणाले. "अजिबात नको."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या कपाळावर एक पट्टी चिकटवली : 'अक्षरांचं तोंड खाली.' पट्टी सरळ लागली आहे ना, हे त्यांनी ताईंना दोनदा विचारून घेतलं.

आता माझे दिवस भरत आले आहेत. माझी धूळ पुसा, डोक्यावरचा गठ्ठा उतरवा, असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी कोण उतरवणार? माझ्या जागी जो कुणी येईल, तोही 'ओके' म्हणेल. माझ्यापेक्षा गोड आवाजात म्हणेल. मित्रांनो, त्याला शाबासकी द्या, आणि मग तिकडे फोन लावा.