धर्माचा रावस

चंदूने डबा खाडीवर उलटा केला आणि धर्माचा रावस गेला. पाण्यात एक गिरकी घेतली, मग दिसेनासा झाला.

पण असं काही झालेलं नाही. धर्माचा रावस फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आहे, डब्यात, बर्फाच्या लादीत. धर्मा परत आला की खाणार आहे. वेसाव्यात कुणी विचारलं तर हेच सांगायचं ठरलेलं आहे. विचारत कुणीच नाही.

फ्रीज घरात आला गेल्या गणपतीत. चंदू अंधेरीला फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला फ्रीज त्याने चार रविवार खपून चालू केला आणि हातगाडीवरून कोळीवाड्यात आणला. बघायला अर्धी गल्ली जमली. शेजारच्या सोनूबाईने दार उघडून आत डोकं घातलं, थोडा वेळ आतच ठेवलं आणि मग बाहेर काढून म्हणाली,

"चंद्या, दारात दर्या हाय नि तू म्हावऱ्याला कपाट आनलास?"

त्यानंतर फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि सोनूबाईचं इडलीचं पीठ राहू लागलं. मासळी मात्र कुणी ठेवली नाही. चंदूच्या बापाचं, धर्माचं, मत स्पष्ट होतं. बर्फातला म्हावरा म्हणजे धुतलेला कागद. पण दसऱ्यानंतर एका सकाळी तो दीड वितीचा रावस घेऊन आला आणि मुलासमोर धरून म्हणाला,

"ठेव तुझ्या कपाटात. परीक्षा घेऊ."

चंदूने रावस साफ केला, लांबट डब्यात आडवा ठेवला आणि बुडेल इतकं पाणी ओतलं. पाण्याचा बर्फ झाला की माशाला वारा लागत नाही, मांस सुकत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. परक्याच्या लग्नातली मंगलाष्टकं ऐकावीत तसं धर्माने ते ऐकून घेतलं.

"चार दिसांनी येतो. तवर कोनी शिवायचा नाय. ताजा लागला तर मानला तुला. नाय लागला तर ह्यात मी माजे कपडे ठेवीन."

पाचव्या दिवशी त्याची होडी मढच्या बाजूला पालथी सापडली. धर्मा सापडला नाही. तो गेला असं घरात कुणी म्हटलं नाही, कारण तसं म्हणायला खात्री लागते आणि खात्रीला माणूस लागतो. पोलिसांनीही चौकीत हेच सांगितलं, फक्त उभं ठेवून.

चंदूच्या आईने, पुतळाबाईने, बांगड्या उतरवल्या नाहीत. पाटी डोक्यावर घेऊन ती रोज बाजारात जात राहिली. चंदू संध्याकाळी कामावरून आला की पाय धुवायच्या आधी विचारायचा,

"आय, रावस हाय ना?"

"हाय."

बापाबद्दल त्या घरात एवढंच बोलणं व्हायचं. सहा महिने रोज झालं.

मग चैत्रात कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळला. वीज दोन दिवस गेली. दुसऱ्या दुपारी फ्रीजच्या दारातून वास यायला लागला. पुतळाबाईने फ्रीजवर उदबत्ती लावली आणि जेवायला वाढलं. त्या संध्याकाळी चंदूने काहीच विचारलं नाही.

सकाळी आई बाजाराला गेल्यावर तो निघाला. नवा रावस आणायचा, हे त्याने रात्रीच ठरवलं होतं. अडचण अशी की वेसाव्यात मासळी विकणारी प्रत्येक बाई त्याची मावशी नाहीतर आत्या. म्हणून कोळ्याचा मुलगा दोन बस बदलून घाटकोपरला रावस विकत घ्यायला गेला.

"कुठला रे तू?" तिथल्या कोळणीने विचारलं.

"वेसाव्याचा."

तिने हातातला कोयता खाली ठेवला. "वेसाव्यासून इथं? घरात भांडलास का डोक्यावर पडलास?"

"दीड वितीचा द्या. गळाचा पायजे, जाल्याचा नको. ओठाला भोक बघून द्या."

"रावस बगायला आलायस का पोरगी?"

पण तिने शोधून दिला. धर्मा आयुष्यभर गळानेच मासे धरायचा. गळाच्या माशाचा ओठ फाटतो. जाळ्याच्या माशाला कल्ल्यांमागे दोरा आवळल्यासारखा वळ उठतो. एवढं वेसाव्यात दुधाचे दात पडायच्या आधी कळतं.

चंदू परतला तेव्हा वीज आली होती. आई अजून बाजारातच होती. त्याने डबा काढला आणि लांबी ताडून बघायला जुना रावस नव्याशेजारी ठेवला. जुन्याचा ओठ धड होता. त्याने मासा उलटा केला. ती बाजूही धड होती. कल्ल्यांमागे गोल वळ होता.

त्याने वळावरून अंगठा फिरवला. मग उठला, डबा घेऊन खाडीवर गेला आणि जे झालेलं नाही ते करून आला. डबा घासला. नवा रावस साफ करून आत ठेवला, कारण आणलाच होता. तो तांब्याने पाणी ओतत होता तेव्हा पुतळाबाई दारातून आत आली.

तिने पाटी उतरवली. डब्यात वाकून बघितलं.

"अजून घाल. शेपटी उघडी रायली. सुकंल."

चंदूने पाणी घातलं. शेपटी बुडाली तरी घालतच राहिला. पाणी डब्याबाहेर जमिनीवर आलं तेव्हा तिने त्याच्या हातातून तांब्या घेतला.

"कवा?" त्याने विचारलं.

"दिवाली झाल्यावर. तू पालघरला लग्नाला गेलतास. तवा पन लाइट गेलती."

"मंग सांगायचं ना मला."

"तू रोज इचारायचास."

तिने पाण्यात बोट घातलं आणि माशाचा ओठ चाचपला. बोट भोकाशी थांबलं.

"गळाचा हाय. कुठं गावला?"

"घाटकोपरला."

"मला नाय गावला," ती म्हणाली. "लय धुंडला रं. भाऊच्या धक्क्यापतूर गेलते."

पुतळाबाईने पदराने जमीन पुसली, डबा दोन्ही हातांनी उचलून वरच्या कप्प्यात सरकवला आणि दार लावलं. फ्रीज घरघरायला लागला. दोघं त्याच्याकडे बघत राहिले.

"वही काढ," ती म्हणाली. "लाइटवाल्यांना अर्ज लिही."

"काय लिहू?"

"हापिसात लिवतात तसा लिही. मी आंगठा देते."

चंदूने लिहिलं:

मा. साहेब, वीज कार्यालय, अंधेरी यांस. विषय: वीजपुरवठा बंद न करणेबाबत. महोदय, आमचे राहते घरी श्री. धर्मा यांचा रावस, नग एक, गोठवून ठेवणेत आला आहे. सदर इसम समुद्रावर गेले असून त्यांचे येणे बाकी आहे. तरी ते येईपर्यंत आमची लाइन कोणत्याही कारणास्तव बंद करू नये. बंद करणे अगदीच भाग पडल्यास तशी लेखी सूचना खुद्द त्यांचे हाती द्यावी व त्यांची सही घेऊन एक प्रत आम्हास पाठवावी, ही नम्र विनंती.