एका घरचं काम

मालतीबाईंना कॉलेजात सगळे काटेकोर म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर बाईंना ते ऐकायला आवडायचं. बालीगंजच्या त्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या त्या एकट्याच मराठी. जन्म कोलकात्यातला, बंगाली बोलणं असं की कुणाला शंका येऊ नये. तरी आडनाव ऐकलं की समोरचा विचारायचाच, मुंबईच्या का? त्यातून एक सवय अंगवळणी पडली होती. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणता कामा नये.

यंदा कॉलेजने नवीन टूम काढली होती. टूम बरी होती म्हणा. मुलं वर्गाबाहेर जी धडपड करतात, कुणी वस्तीत शिकवतं, कुणी नाटकाची प्रकाशयोजना सांभाळतं, कुणी वादळानंतर सुंदरबनात जाऊन राबतं, त्याची पदवीसोबत वेगळी नोंद द्यायची. नोकरी द्यायला येणारे लोक हल्ली मार्कांइतकंच हेही विचारतात ना. अट एवढीच, की मुलाने तीन प्राध्यापकांसमोर बसून आपलं काम सांगायचं आणि ते डोळ्यांनी पाहिलेल्या, त्याच्या घराबाहेरच्या एका तरी माणसाने त्याला दुजोरा द्यायचा. समितीचे अध्यक्ष लाहिडीबाबू, दुसऱ्या रसायनशास्त्राच्या एक तरुण बाई आणि तिसऱ्या आपल्या मालतीबाई.

त्या दिवशी अनीश आत आला आणि मालतीबाईंनी समोरच्या कागदांत डोकं घातलं.

अनीश मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला. वडील बँकेत, नाशिकहून बदली होऊन आलेले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ओळख झाली, आणि गेलं वर्षभर हा मुलगा आठवड्यातून चार संध्याकाळी मालतीबाईंच्याच घरी यायचा. का, तर त्यांच्या सासूबाईंसाठी. उषाताईंना पक्षाघाताचा झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणं गेलं. समोरच्याचं सगळं कळायचं, पण शब्द तोंडाशी येऊन अडायचे. उभा जन्म बोललेलं बंगाली तर पार पुसलं गेलं, मराठीचे तेवढे तुकडे उरले. सांभाळणारी झरना बंगाली, तिला ते तुकडे कळेनात. मालतीबाई दिवसभर कॉलेजात, नवरा खिदिरपूरला कस्टम्समध्ये, आणि बेंगळुरूला गेलेल्या लेकीचं मराठी म्हणजे सगळा आनंदच. म्हातारीला तहान लागली तरी रडायची पाळी यायची.

अनीशने घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून कार्डं केली. उषाताईंचा स्वतःचा पेला, त्यांची खिडकी, त्यांची दुखरी टाच. कार्डावर बोट ठेवलं की फोनमधून मराठी शब्द यायचा आणि पाठोपाठ बंगाली. उषाताई शब्द घोळवायच्या, झरना शिकायची. दुकानातली तयार कार्डं त्यांनी कधीच भिरकावली होती. त्यांवरचा पेला त्यांचा नव्हता ना. सहा महिन्यांत म्हातारी "पाणी" म्हणाली, "नको" म्हणाली, आणि एकदा झरनाला "गप" म्हणाली तेव्हा घरभर हसू पिकलं. अशा रुग्णांसाठी साधनं बनवणारी एक कंपनी कॉलेजात येणार होती, पण बोलावणार फक्त ही नोंद असलेल्यांना. चहा पिता पिता अनीश महिनोन् महिने त्या कंपनीबद्दल बोलत होता. हे मालतीबाईंना माहीत नव्हतं असं मुळीच नाही.

त्याने समितीला सगळं नीट सांगितलं. लाहिडीबाबू पुढे सरकून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, हे काम केलं कुठे?

"एका घरी," अनीश म्हणाला.

"कुणाच्या?"

"ते सांगता येणार नाही, सर. मी शब्द दिलाय."

शब्द कुणाला दिला होता? मालतीबाईंना. उषाताई म्हणजे मंडळाचा आवाज. कुठलाही कार्यक्रम असो, निवेदन त्यांचं. त्या बाईचं तोंड वाकडं झालंय, लाळ गळते, हे चारचौघांत कळू नये म्हणून मालतीबाईंनी पहिल्याच दिवशी अनीशला बजावलं होतं, आमच्या घरातलं बाहेर जाता कामा नये. मंडळात कुणी विचारलं की त्या स्वतः हसून सांगायच्या, बऱ्या आहेत, जरा थकल्यात. भेटायला येतो म्हणणाऱ्यांना वर्षभर काही ना काही कारण सांगून टाळलं होतं.

आता तोंड उघडायची वेळ होती. "हे माझं घर" एवढे तीन शब्द. लाहिडीबाबू गमतीने म्हणालेही, मालतीदी, हा तर तुमच्याकडचा मुलगा, तुम्हीच विचारा काहीतरी. ते ऐकलं आणि बाई ताठ झाल्या.

"दुजोरा द्यायला कुणी नाही, मग पुरावा काय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी थंड.

अनीशने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. विचारल्यासारखं पाहिलं, सांगू का? मालतीबाईंनी पाण्याचा ग्लास उचलला आणि पीत राहिल्या.

"पुरावा नाही, मॅडम," तो म्हणाला.

नोंद नाकारली गेली. अनीश तिघांनाही नमस्कार करून गेला. त्याच्या पाठोपाठ आलेल्या मुलाला लाहिडीबाबूंनी स्वतःच दुजोरा दिला, आमच्या गल्लीतल्या क्लबातला आहे, मी पाहिलंय त्याचं काम. झालं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मालतीबाईंचे कान मात्र असे तापले की त्यांना तिथे बसवेना. वर्षानुवर्षं ज्या आरोपाला भ्यायल्या, तो करायला कुणी बसलंच नव्हतं. आणि खरं म्हणजे झुकत्या मापाचं हे सगळं नंतर सुचलेलं. ग्लास तोंडाला लावला तेव्हा डोळ्यांसमोर होतं ते सासूबाईंचं वाकडं तोंड, दुसरं काही नाही. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

दुपारी त्या लाहिडीबाबूंच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. लाहिडीबाबूंनी सकाळची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, कंपनीकडे नावं उद्या दुपारी जातील, सकाळी समितीपुढे उभं राहून हेच सांगा. पुरावा तुम्हीच मागितला होतात, तेही सांगा. बाई हो म्हणाल्या. तेवढी शिक्षा कमीच होती.

घरी आल्या तर अनीश नेहमीसारखा उषाताईंच्या पलंगाशी बसलेला. आज तो येणार नाही असं त्या धरूनच चालल्या होत्या. मालतीबाईंनी उभ्यानेच सांगितलं, उद्या नोंद होईल, मी बोलले आहे सरांशी. पोराचा चेहरा उजळला.

"मावशी, तुम्ही सकाळी बरोबर केलंत," तो म्हणाला. "ओळख दाखवली असती तर वशिला म्हणाले असते. तुम्ही नियमाने वागलात. मी आईलाही तेच सांगितलं."

इथे गप्प बसता आलं असतं. मुलाला नोंद मिळत होती, बाईंची अब्रू राहत होती, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण आज एकदा गप्प बसून झालं होतं, पुन्हा तेच करणं त्यांच्याने होईना. त्या खुर्ची ओढून बसल्या.

"नियम नव्हता रे तो," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटली. आई अशा झाल्यात हे लोकांना कळेल, याची लाज. वर्षभर मी त्यांना लपवून ठेवलंय, आणि आज तुझं नुकसान करून लपवलं."

अनीश मालतीबाईंकडे नाही, पलंगाकडे बघत होता. मग बाईंनीही तिकडे पाहिलं.

उषाताईंना सगळं कळत होतं. झटका आल्यापासून एकूणएक कळत होतं. लोक आता का येत नाहीत, हे त्यांनी तुटक्या शब्दांत कितीदा तरी विचारलं होतं, आणि सगळे आपापल्या कामात आहेत, असं मालतीबाई सांगत आल्या होत्या. त्यांनी सुनेकडे नीट पाहून घेतलं. मग धडधाकट डाव्या हाताने शालीचं टोक हळूहळू वर ओढलं आणि आपलं तोंड झाकून घेतलं.