टाळाची दोरी

पायलच्या घरात चिंधी म्हणून काही वाया जात नसे. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा ती खेळायच्या पत्त्याएवढा कापायची. त्यावर जुन्या वर्तमानपत्राचे कपटे फेविकॉलनं चिकटवायची, वरून पातळ पांढरा रंग फिरवायची आणि ओला असतानाच फडक्यानं पुसून घ्यायची. खालची अक्षरं मग धुक्यातून दिसावीत तशी दिसत. त्यावर कधी चहाच्या पाण्याचा डाग, कधी चादरीचं सूत, कधी एखादं बटण आणि शेवटी वॉर्निशचा हात. अशी चित्रकार्डं करणारी मंडळी सोलापुरात महिन्यातल्या एका रविवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमत. कार्ड विकायचं नाही आणि फुकटही न्यायचं नाही, हा तिथला नेम. आपल्या हातचं द्यावं आणि दुसऱ्याच्या हातचं घ्यावं.

त्या रविवारी पायलचं एक कार्ड फारच वाखाणलं गेलं. मधोमध पिळदार, मळकट दोरीची गाठ आणि भोवती हळदीसारखा पिवळा रंग. पडदे शिवणाऱ्या गुलनाजनं आपलं सगळ्यात देखणं कार्ड पुढं करून ते मागून घेतलं. पायल खुशीत घरी आली, तर सासरे कुंडलिकमामा खिडकीपाशी वाकून काहीतरी चाचपत होते.

"काय हरवलं, मामा?"

"टाळाची दोरी गं. टाळ चिंचेनं घासाया सोडली व्हती. हितंच ठिवली व्हती की."

पायलला कार्डावरची गाठ आठवली. ती दोरी सासूबाईंनी वळलेली होती. गोजरबाई चादरीच्या कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरायच्या. तिथलं उरलंसुरलं सूत पिळून त्यांनी ती केली होती. त्या गेल्या, पण कीर्तनात बुवांच्या मागं उभं राहिल्यावर मामांच्या बोटांना त्यांनी मारलेली गाठ लागायची.

"मामा, मला वाटलं टाकायची आहे. मी ती कार्डाला लावली. आणि कार्ड देऊन टाकलं."

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं "बरं" म्हणाले.

एकादशीला गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात कीर्तन होतं. नवी दोरी आणू म्हटलं तर मामांनी नकारार्थी मान हलवली. टाळकऱ्यांच्या रांगेत ते मोकळ्या हातांनी उभे राहिले आणि टाळ्या वाजवत राहिले. अभंगाचा ठेका वाढला, सगळी रांग पावली खेळायला लागली आणि त्या सगळ्या टाळांच्या झणकारात एकाच टाळाची जागा रिकामी आहे, असं पायलला ऐकू येत राहिलं. बायकांच्या बाजूला बसून तिनं पदर डोळ्यांना लावला. बाजूच्या बाईला वाटलं, बुवांच्या निरूपणानं गहिवरली.

सकाळी तिनं गुलनाजला फोन केला आणि धावतच मामांकडं आली. "ती देते म्हणाली, मामा! म्हणाली, चाचांची चीज चाचांना."

"फुकट?"

"हो."

"अन् तुमचा नेम?"

"एवढ्यापुरता मोडू या."

"माझ्या देवळात मी नेम पाळायचा, अन् तुझ्या देवळात मोडायचा व्हय? न्हाय जमायचं. पुठ्ठा आण."

जन्मात ब्रश न धरलेला माणूस पुठ्ठा मांडीवर घेऊन बसला. कागदाचे कपटे त्यांनी भिंतीला गिलावा करावा तसे थापले. पांढरा रंग पुसायला सांगितला, तर सगळाच पुसून काढला. "लई अवघड काम हाय गं तुझं," म्हणून हसले. दोरीची गोष्ट झाल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी टाळ उचलला, कपाळाला लावला आणि त्याच्या काठाला काळा रंग फासला.

"मामा, टाळाला रंग?"

"बुक्का लागतोच की त्येला."

त्यांनी टाळ पुठ्ठ्यावर दाबला. एक अर्धगोल उठला, त्याला छेदून दुसरा, मग तिसरा. काठ जिथं झिजला होता तिथं रेघ तुटलेली. तीन ठोक्यांचा ठेका जणू कागदावर उमटला.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी मामा धोतर-टोपी घालून हॉलमध्ये आले. गुलनाजनं त्यांचं कार्ड उजेडाकडं धरलं. "चाचा, ये तो बहू के कार्ड से भारी है! सौदा तुमच्या घाट्याचा आहे."

"तीर्थप्रसाद हाय म्हणून ठेव," मामा म्हणाले, आणि दोरीचं कार्ड घेतलं.

त्यांचं बोट गाठीवर गेलं. फिरलं. पुन्हा फिरलं. वॉर्निशच्या जाड थरात तिचे पीळ बुजून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. गाठ दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती.

"ह्ये निघंल का गं?"

"भिजवून निघेल, मामा. पण सूत सुटं होईल. गाठ राहायची नाही." खोटं बोलणं तिला जमलं नाही.

कार्ड मामांनी बंडीच्या खिशात ठेवलं.

घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "चादरीचं सूत हाय का तुझ्याकडं?"

"आहे की."

"मग एक दोरी वळ. माझ्या टाळाला."

"मामा, मला तशी गाठ येत नाही."

"तुझ्या सासूला तरी कुटं येत व्हती? पहिल्या बारीला ऐन कीर्तनात सुटली, अन् टाळ गेला थेट बुवांच्या पायावर! बुवा लंगडत नाचलं. लोकांना वाटलं, रंगलं कीर्तन."

पायल हसता हसता थांबली. "आणि माझी सुटली तर?"

"बुवांना सांगू, जरा पुढं उभं ऱ्हावा."