आत्याची नक्कल

बरगड्या मोडलेल्या माणसाला हसू आवरेनासं झालं की तो धड हसतही नाही, धड रडतही नाही. कळवळतो आणि तोंडातून शिट्टीसारखा आवाज काढतो. काचेमागे उभ्या असलेल्या आत्याने तो आवाज ऐकला आणि बटणावरचं बोट काढून घेतलं.

"माफ करा मॅडम," मशीनसमोरचा टेम्पोवाला डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही 'हलू नका' म्हणालात ना, एकदम आठवलं."

"काय आठवलं?" माहीत असूनही तिने विचारलं.

"ते व्हिडिओ हो! त्यातली बाई हुबेहूब तुमच्यासारखी आहे."

हुबेहूब असणारच. ती बाई म्हणजे आत्याचा सख्खा भाचा होता.

एक्स-रे काढण्यात आत्याची सव्वीस वर्षं गेली होती. छाती प्लेटला लावा, हनुवटी वर, खांदे पुढे, श्वास धरा, हलू नका, ही तिची दिवसभराची भाषा, आणि घरी आल्यावरही ती जिभेवरून उतरत नसे. भावाची नोकरी बदलीची. पोराच्या शाळेचे हाल नकोत म्हणून त्याने टिल्लूला दहाव्या वर्षी बहिणीकडे आणून सोडलं. आत्या एकटीच राहायची. तिने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. त्याला गोवर आला तेव्हा पंधरा दिवस रजा टाकली, गणितात नापास झाला तेव्हा स्वतः गणित शिकून त्याला शिकवलं. टिल्लूला नकला छान जमायच्या. शेजारच्या काकांची, शाळेच्या शिपायाची, आणि सगळ्यात भारी तिचीच. नाकावर घसरलेला चष्मा, कमरेवर डावा हात, बोलताना वर जाणारी एकच भुवई. "मेल्या, मी अशी दिसते?" म्हणत ती हसून हसून खुर्चीत कोसळायची.

कॉलेज संपलं आणि टिल्लूला कुठे नोकरी मिळेना. एका दुपारी त्याने तिचा जुना हिरवा स्वेटर चढवला, तिचा काडी मोडलेला चष्मा लावला आणि आत्याच्याच स्वयंपाकघरात 'एक्स-रेवाली आत्या भाजी निवडते' असा दीड मिनिटाचा व्हिडिओ केला. मोबाइल आत्यानेच धरला होता. हसू दाबताना तिचा हात हलला, तसा तो तिच्याच आवाजात खेकसला, "हलू नका!" लोकांना नेमकं तेच आवडलं.

मग गाडी अशी सुटली की विचारू नका. चॅनलचं नावच त्याने 'हलू नका' ठेवलं. आत्या बँकेत, आत्या लिफ्टमध्ये, आत्या जिममध्ये, रोज एक नवा व्हिडिओ. बघणारे आधी हजारांत, मग लाखांत. साबणवाले आले, चष्मेवाले आले, विमावाले आले. तिसरं वर्ष उजाडेपर्यंत टिल्लूने सतराव्या मजल्यावर घर घेतलं, काळी लांबलचक गाडी घेतली, एक गोदाम भाड्याने घेऊन त्यात स्टुडिओ थाटला आणि सात माणसं पगारावर ठेवली. यशाचं रहस्य काय, असं मुलाखतीत विचारलं की तो मान तिरकी करून म्हणायचा, "निरीक्षण आणि मेहनत." आत्याचं नाव कधी निघालं नाही. सुरुवातीला तिला त्याचंही काही वाटलं नाही. पोरगं मार्गी लागलं, बास.

पण आता तिच्या कामावर येऊन बेतलं होतं. हसणाऱ्या माणसाचा फोटो हलतो, हलला की परत काढावा लागतो, म्हणजे गरज नसताना अंगावर पुन्हा किरणं. टेम्पोवाल्याचा तीनदा काढावा लागला. त्याच आठवड्यात एक कॉलेजवाला दारावरचा लाल दिवा पेटलेला असताना मोबाइल घेऊन सरळ आत घुसला. त्याला खऱ्या आत्याबरोबर सेल्फी हवा होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं.

"चूक तुमची नाही," ते टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हणाले. "पण हे निवळेपर्यंत तुम्ही खाली रेकॉर्डला बसा."

म्हणजे चूक तिची नव्हती आणि शिक्षा तिला होती. आत्याने शिशाचा जड एप्रन खुंटीला अडकवला आणि तळघरात जाऊन फायलींवर नंबर टाकायला लागली. संध्याकाळी तिने टिल्लूला फोन लावला.

"अगं मग सोडून दे ना नोकरी," तो म्हणाला. "दर महिन्याला मी पाठवतो तुला. आरामात राहा."

"मी भीक मागायला फोन केलाय का तुला? माझं मशीन गेलं तुझ्या माकडचेष्टांपायी!"

"थांब थांब आत्या, 'माकडचेष्टांपायी' परत म्हण. काय बोलतेस तू, खतरनाक!"

तिने फोन आपटला.

तरीही तोवर तिचा राग घरातला होता, पोरावर आईचा असतो तसला. खरा राग पुढच्या महिन्यात आला. वडिलांची जुनी फाइल न्यायला एक मुलगी तळघरात आली होती. सही करता करता तिने आत्याकडे दोनदा वर पाहिलं आणि अगदी मायेने विचारलं, "काकू, त्या रिकाम्या खुर्चीवर मग कोणी बसलं की नाही हो कधी?"

आत्याचं पेन थांबलं. "कुठली खुर्ची?"

मुलीने मोबाइल पुढे केला.

आत्याचा नवरा लग्नाच्या चौथ्या वर्षी एका सकाळी कामावर म्हणून गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या गावात दुसरीबरोबर राहतो, एवढं कळलं. त्यानंतर आठ महिने आत्या रोज दोन पानं वाढायची. हे तिने भावालाही सांगितलं नव्हतं. टिल्लूला सांगितलं, तो एकोणीस वर्षांचा असताना. एका मुलीने नाही म्हटलं म्हणून त्याने चार दिवस अन्न सोडलं होतं. त्याच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली होती, "मी आठ महिने रिकाम्या खुर्चीसमोर ताट ठेवलं रे. बघ, मेले का? तूही नाही मरणार. ऊठ, खा."

व्हिडिओत हिरव्या स्वेटरमधला टिल्लू रिकाम्या खुर्चीसमोर ताट ठेवत होता. भुवई उडवत खुर्चीला म्हणत होता, "श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. आता पळायचं नाही हं!" मागून हसण्याचे आवाज भरले होते. त्याच्या सगळ्या व्हिडिओंत सर्वांत जास्त पाहिलेला तोच होता.

आत्याने मुलीला फाइल दिली, तळघराला कुलूप लावलं आणि अर्ध्या दिवसाची रजाही न टाकता रिक्षाने थेट गोदाम गाठलं.

दारावरच्या माणसाने तिला पाहिलं आणि बाजूला झाला. आत दिव्यांच्या झोतात तिचं स्वयंपाकघर उभं होतं. तिचंच. तीच निळी फडताळं, तेच खालचं दार नीट न लागणारं कपाट, ओट्यावरची तीच तडकलेली फरशी. तडासुद्धा रंगाने काढलेला होता. आणि मधोमध ती स्वतः उभी होती, स्वेटर घालून, कमरेवर डावा हात ठेवून.

"आत्या!" टिल्लूने चष्मा कपाळावर सरकवला. "सांगून यायचंस ना, गाडी पाठवली असती."

"खुर्चीचं कोणाला विचारून केलंस?"

त्याचा चेहरा क्षणभर उतरला, पण लगेच सावरला. "अगं, कुणाला माहितीये ते खरं आहे म्हणून? लोक रडले ते बघून. प्रेम करतात तुझ्यावर."

"लोक हसले. तू हसवलंस. तू उपाशी मरत होतास म्हणून मी ते बोलले होते, आणि तू ते बाजारात मांडलंस. मी आजवर माझ्या सख्ख्या भावापुढे तोंड उघडलं नाही रे! त्या माणसानेसुद्धा माझी अशी लाज काढली नव्हती. तो निदान गप्प निघून गेला."

तिचा आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. सातही माणसं खाली बघत होती. आणि मग आत्याच्या लक्षात आलं की सातजण नव्हे, सहाच खाली बघताहेत. कॅमेऱ्यामागची बाई कॅमेऱ्यातच बघत होती, आणि कॅमेऱ्यावरचा बारीक दिवा लाल होता.

आत्याने टिल्लूकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली, पण बंद कर असं तो म्हणाला नाही.

ती पुढे गेली. त्याने घाबरून दोन्ही हात तोंडापुढे धरले. लहानपणी पाठीत धपाटा बसायच्या आधी तो असेच धरायचा. तिने मारलं नाही. स्वेटरची बटणं एकेक करून सोडवली, बाह्या ओढून काढल्या, तो काखेत मारला आणि तोंडातून पुढे एक अक्षरही न काढता ती बाहेर पडली. तिच्या तोंडून निघेल ते सगळं ह्याच्या पोतडीत जाणार होतं.

दोन दिवसांनी तोही व्हिडिओ आला. 'खरी आत्या भडकली.' खुर्चीवाल्यालाही त्याने मागे टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत न विचारता शिरली. "मला माझी खोली परत पाहिजे. आज."

"बाई, अजून थोडं निवळू द्या..."

"हे निवळणार नाही. तुम्हीही पाहिलाय ना कालचा?" डॉक्टर लालबुंद झाले. "मग दारावर माणूस बसवा आणि मोबाइल बाहेर ठेवून घ्या. हसणाऱ्याला मी बघते. ज्याने काही केलेलं नाही त्याने तळघरात बसायचं, हे मी लेखी मागणार आहे तुमच्याकडे."

लेखी द्यायला कोण तयार होतंय? सोमवारपासून ती पुन्हा काचेमागे उभी राहिली. लोक अजूनही कुजबुजायचे, फुसकन हसायचे. त्यांना ती बाहेर बाकावर पाठवायची आणि पुढच्याला आत घ्यायची. तासभर बाकावर बसलं की हसू आपोआप जिरायचं.

महिन्याभराने एका सकाळी भाऊ आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "ताई, खुर्चीचा त्याने काढून टाकलाय. मी काढायला लावला."

"सगळ्या जगाने बघून झाल्यावर?"

"मला आधी का नाही सांगितलंस गं, आठ महिने..." मग तो लेकाच्या विषयावर आला. "पोरगं रडतंय रोज. घरातली गोष्ट आहे, ताणू नकोस."

"घरातलीच होती. त्याने बाहेर नेली."

भावाचा मोबाइल वाजला. पडद्यावर टिल्लूचा हसरा फोटो होता. भावाने कॉल घेतला आणि काकुळतीने मोबाइल तिच्यापुढे धरला. "एकदा बोल."

"आत्या?" आतून आवाज आला. खरा, बारीक, रडवेला. "आत्या, ऐक ना."

आत्याने मोबाइल हातात घेतला. भावाला वाटलं, विरघळली. तिने बोट टेकवून फोन बंद केला, भावाच्या शर्टाच्या खिशात ठेवला आणि पर्स उचलली.

"ऊठ," ती म्हणाली, "मला कुलूप लावायचंय. कामाला उशीर होतोय."